दादांनी प्यायलेलं टोमॅटोचं औषध

अगं, घाबरू नकोस. मी घाबरलोय तेवढं दोघांना पुरेल.

दादांना घेऊन हॉस्पिटलात जातोय. तुझा फोन बंद लागतोय, म्हणून रिक्षात बसूनच ही चिठ्ठी शेजाऱ्यांकडे देतोय. टोमॅटोच्या करप्यावर फवारायला मी गुळाच्या पाण्यात जिवाणू वाढवले होते ना, ते फ्रिजमध्ये सरबताच्या बाटलीत होते. दादा सकाळी त्यातलं पेलाभर प्यायले. चुकून नव्हे, मुद्दाम.

परवा जेवताना मीच छाती फुगवून सांगत होतो, "दादा, हे विष नाही. हे जिवाणू फक्त करप्याच्या बुरशीला लोळवतात. माणूस खुशाल पिऊ शकतो."

"मग तू आधी पी," ते म्हणाले. मी विषय बदलला.

आज म्हणतात, "कालपासून पोट बिघडलंय. म्हटलं, बघू तरी तुझे पहिलवान काय करतात."

धडधाकट माणसाला कदाचित काही झालंही नसतं. पण नवी किडनी टिकावी म्हणून दादांची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबून ठेवलीय. त्यांना कच्ची काकडीसुद्धा बंद आहे, आणि मी हे फ्रिजात ठेवलं. आता त्यांना थंडी वाजून ताप भरलाय.

येताना ती बाटली आण. ओतू नकोस, धुऊ नकोस. जिवाणूंचं पाकीटही आण, गच्चीत पंपाशेजारी आहे. डॉक्टरांनी फोनवर त्यावरचं नाव मागितलंय.

जन्मात त्यांनी माझं एक अक्षर खरं मानलं नाही गं. नेमकं हेच मानलं.

लवकर ये.