चुकणारा ठोका

३ फेब्रुवारी

पोहोचले एकदाची! बसनंतर जीप, मग नदीवरचा पूल, आणि चढ संपला तिथे माझं उपकेंद्र. दोन खोल्या, एक खाट, वजनकाटा, खिडकीत धुऊन वाळत घातलेले हातमोजे. मला तर राजवाडाच वाटला. आमच्या घरात शिकलेली मी पहिलीच. निघताना बाबांनी माझा स्टेथोस्कोप कानाला लावून स्वतःचं हृदय ऐकलं आणि आईला म्हणाले, अगं, माझं चालू आहे बरं का! आई म्हणाली, मला इतकी वर्षं शंकाच होती.

इथल्या मदतनीस मावशींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. म्हणाल्या, आम्ही नर्सबाई मागितली होती, पेशंट कसा काय पाठवला? मग सामानही खाली ठेवू न देता मला गावातल्या शेवटच्या घरी नेलं. तिथे एक आजी अंथरुणाला खिळून आहेत. नवीन येणाऱ्याने आधी त्यांना भेटायचं असतं म्हणे. त्यांनी माझा तळवा स्वतःच्या छातीवर दाबून धरला, बराच वेळ सोडलाच नाही. म्हणाल्या, आता तू आमची झालीस. एवढ्या लांब आल्यावर हे ऐकून डोळेच भरून आले.

९ फेब्रुवारी

घरोघर तपासणी सुरू केली. प्रत्येकाच्या छातीत ठोका चुकतोय. दोन ठोके पडतात, मग एक गळतो. लहान असो की थोर, सगळ्यांचं तेच. स्टेथोस्कोप बिघडला असेल म्हणून माझं तोंडच उतरलं. मग स्वतःचं हृदय ऐकलं, तर अगदी नीट. मावशी म्हणाल्या, तुम्ही फार तपासता बाई, अशाने धडधाकट माणूस आजारी पडायचा. मी हसले. पण ते मनातून जात नाही.

१३ फेब्रुवारी

बाकावर दोघं शेजारी बसले होते. लाकडांची मोळी टाकून धापा टाकणारे एक काका, आणि आईच्या मांडीवर गाढ झोपलेली एक मुलगी. सहज म्हणून मी एका हाताने काकांचं मनगट धरलं, दुसऱ्याने मुलीचं. दोन्हीकडे एकाच क्षणी दोन ठोके. एकाच क्षणी खंड. धापा टाकणाऱ्याची नाडी जलद नको का? झोपलेल्या लेकराइतकीच संथ कशी?

मी हात झटकन सोडले. काका म्हणाले, काय सिस्टर, चटका बसला का?

१८ फेब्रुवारी

मावशींची सून बाळंत झाली. मुलगा. रडला, हातपाय झाडले, गुलाबी झाला. मी छातीला स्टेथोस्कोपची नळी लावली. नव्या बाळाचं हृदय पाखरासारखं धडधडायला हवं. याचं संथ चाललं होतं, थकलेल्या म्हाताऱ्या माणसासारखं. दोन ठोके, मग खंड. मी छाती दाबायला पुढे झाले तर मावशींनी माझा हात धरला. म्हणाल्या, इथली सगळी अशीच येतात. विनोद न करता बोललेलं त्यांचं हे पहिलंच वाक्य.

बाहेर येऊन माझी नाडी पाहिली. नीट आहे. नीट असावी. मोजताना दोनदा चुकले, त्यामुळे खात्री नाही.

२२ फेब्रुवारी

आजींच्या पायांवर सूज, बसल्या जागी धाप. छातीला नळी लावली आणि अंगावर काटा आला. तोच ठोका.

डॉक्टर फोनवर म्हणाले, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात पाठवा. मावशींनी माझ्यापुढे हात जोडले. आजींना नदीपलीकडे नेऊ नका, म्हणाल्या, त्या आहेत म्हणून आम्ही आहोत. मला वाटलं, माया बोलतेय. माझ्या आजीलाही असंच मायेपोटी घरी ठेवलं होतं. ती गेली. मग मी शिकले ते कशासाठी? गाडी मागवली. चिठ्ठीत सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली रेघ मारली, ठोका अनियमित आहे, दुरुस्त व्हावा.

२३ फेब्रुवारी, सकाळ

गाडी गेली. आजी रागावल्या नाहीत. माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, पोरी, तुला तरी कुठे माहीत होतं.

गाडी नदी ओलांडून गेली असेल नसेल, तोच नळावरच्या बायका बोलता बोलता खाली बसल्या. एकीमागून एक. नळ वाहतोच आहे. मोळीवाले काका दारातच आडवे. सगळ्यांच्या नाड्या धाग्यासारख्या बारीक, जेमतेम लागणाऱ्या.

माझी— दोन ठोके. मग खंड.

दुपार

ड्रायव्हरकाकांना फोन लागला. आजींना परत आणा म्हटलं. ते खुशीत होते. मोठे डॉक्टर फार भले, म्हणाले, तुमच्या चिठ्ठीचं कौतुक केलं. ठोका दुरुस्त करणार आहेत. विजेचा झटका द्यायचा, हृदय क्षणभर थांबवायचं, मग ते आपलं आपण नीट चालू लागतं. क्षणभरच, म्हणाले.

मी ओरडले, धावा, थांबवा त्यांना. काका म्हणाले, एवढ्या मोठ्या माणसाला मी काय सांगू, सिस्टर? आणि फोन तुटला. पुन्हा लागत नाही—

नंतर

मावशी भिंतीला टेकून— डोळे उघडे, श्वास आहे. बाळ माझ्या मांडीवर. ओठ निळे.

माझ्यानंतर जी कोणी येईल तिच्यासाठी लिहून ठेवते. ताई, आजी परत आल्या तर त्यांना कुठेही—

उभं राहवत नाही. बोट बाळाच्या छातीवर. दुसऱ्या हाताने लिहितेय. चालू आहे. बाबा, चालू आहे बरं का—

दोन, मग खंड.

दोन, मग खंड.

दोन, मग खंड. अजून खंडच आहे. अजून