टवका उडालेला चार

प्रिय बाबा,

तुम्ही मला ‘मोजपट्टी’ म्हणायचात, म्हणून मोजकंच लिहिते. मी जुन्या गाड्या तपासते. इंजिनाजवळ नंबरची छोटी पट्टी असते. ती कारखान्यातून गाडीसोबतच आली की मागाहून कुणी बनवून लावली, हे भिंगाखाली ठरवायचं. खोलीत मी, दिवा आणि पट्टी. घरीही फारसं वेगळं नाही. आई गेली. ‘जगाच्या गाड्यांचे पोचे काढले, घराला पडलेला तेवढा दिसला नाही,’ असं ती, तुम्ही घर सोडल्यावर, तुमच्याबद्दल म्हणायची. पुढे तेही म्हणेनाशी झाली. तुम्ही आता नसणार, हे आम्ही दोघी न बोलताच धरून चाललो होतो.

गेल्या आठवड्यात एक निळी गाडी आली. गाडीचे मालक माझ्या मागून हलेनात. ‘ताई, सोनं आहे हो गाडी, कशाला डोळे शिणवता?’ पट्टी खरंच सुरेख होती. कडा झिजलेल्या, रिव्हेटवर हवा तेवढाच गंज. ‘अस्सल’ लिहिण्याच्या बेतात होते, तेवढ्यात चारचा आकडा दिसला. खालच्या टोकाचा टवका उडालेला.

माझ्या शाळेच्या डब्यावर तुम्ही माझा हजेरी क्रमांक ठोकून दिला होतात, चव्वेचाळीस. त्याआधी आकडा ठोकायचा चारचा पोलादी ठसा तुमच्याच हातून फरशीवर पडला होता. टोक गेलं, तर तुम्ही हसून म्हणालात, ‘बरं झालं, आता या चारची नक्कल कुणाच्या बापाला जमायची नाही.’ तो डबा मी अजून वापरते. दुसऱ्या दिवशी तो घासून कामावर नेला आणि पट्टीशेजारी ठेवला. टवका तोच. डावखुऱ्या हातोडीचा तिरका घावही तोच. आणि पट्टीवरच्या आकड्यांच्या तळाशी धातू अजून चकचकीत होता. म्हणजे ठोकून फार दिवस झाले नव्हते.

मी ‘बनावट’ लिहून सही केली. दुसरं काही लिहिता आलं नसतं, हे तुम्हाला कळेल. पट्टी कुणी ठोकली, हे अहवालात विचारत नाहीत. मालक आधी तडकले, मग पडेल आवाजात म्हणाले, ‘गॅरेजात एक म्हातारबाबा आहेत, त्यांनी करून दिली. कुणाशी बोलत नाहीत फारसे.’ हे पत्र त्या मालकांच्याच हाती तुमच्याकडे पाठवते आहे.

पट्टीबद्दल जाब विचारायला लिहीत नाही. इतकी वर्षं कुठे होतात, हेही आज विचारत नाही. भिंगाखाली प्रत्येक आकड्याला दुहेरी कड दिसली. पूर्वी तुम्ही एका घावात आकडा उतरवायचात. आता दोन लागतात, आणि दुसरा घाव सरकतो. बाबा, तुमचा हात थरथरतो आहे. तुमच्याजवळ कुणी आहे का? माझा पत्ता पाकिटावर आहे. लिहायला हात चालत नसेल, तर पत्र्याच्या तुकड्यावर नुसता तो चार ठोकून पाठवा. वेडावाकडा उमटला तरी चालेल. मी न्यायला येईन.

तुमचीच,
मोजपट्टी