तिसऱ्या रॉडचा बोल्ट

प्रिय खारूताई,

डावा डोळा सुजून बंद झालाय, एकाच डोळ्याने लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस. तसं ते सरळ कधी होतं म्हणा!

कॉलेज सोडून मी मामाच्या गॅरेजमध्ये राबतोय, हे तुझ्या कानावर आलं असेलच. तुझ्या दादाने गेटवर, तुझ्यादेखत, माझं डोकं त्याच्या गाडीच्या बॉनेटवर आपटलं, त्यानंतर त्या वर्गात पाऊल टाकायची लाज वाटायला लागली. मामाने एवढंच विचारलं, "हात शिवशिवतात ना? मग लोखंड बडव. ते पोलिसात जात नाही."

गेल्या आठवड्यात तीच गाडी दोरीला बांधून आमच्या दारात आली. बॉनेटवर माझ्या कपाळाचा पोचा जसाच्या तसा! ऑइलचा लाल दिवा पेटलेला असताना तुझ्या दादाने ती दामटली होती, इंजिन जाम. मामा म्हणाला, "हे तू एकट्याने खोल, एकट्याने बांध." माझं पहिलंच इंजिन. हेडचे बोल्ट हलेनात, तेव्हा पान्याला पाइप लावून लोंबकळलो. पाना सटकला आणि बोटांची सालटी निघाली. अडकलेल्या पिस्टनला खालून लाकूड लावून हातोडा घातला, तेव्हा प्रत्येक घावाला मला तुझ्या दादाचे दात दिसत होते. मामा ओरडला, "अरे, इंजिन काढतोयस की वैर?"

पण बांधायला घेतलं आणि मी शांत झालो. खरंच सांगतो. नव्या बेअरिंगवर बोटाने ऑइल फिरवताना तुझी आठवण येत होती, आणि रागावायचं राहून जात होतं. मामाची एक पद्धत आहे. पिस्टनच्या रॉडचा बोल्ट आवळताना, तो पुरेसा घट्ट झाला म्हणून टॉर्कचा पाना 'टक्' वाजला, की त्या बोल्टवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा. मामा फक्त ठिपके बघतो आणि खालचं चेंबर बंद करू देतो. तिसऱ्या रॉडपाशी माझं डोकं पुन्हा फिरलं. एक बोल्ट मी हातानेच फिरवला, टक् होऊ दिलं नाही, आणि ठिपका दिला. वेग घेतला की रॉड सुटून इंजिनाचं पोट फाडून बाहेर येईल, गाडी भर रस्त्यात गरागरा फिरेल. त्याचं काय व्हायचं ते होऊ दे, असं वाटलं मला. चालू केल्यावर इंजिन इतकं गोड वाजलं, की मामाने पाठीवर थाप मारली. ती थाप अजून जळतेय.

आज दुपारी मामा सामान आणायला गेला आणि तुझा दादा आला. किल्ली बोटावर फिरवत म्हणाला, "गाडी आता माझ्या बहिणीची. उद्या सकाळी हायवेवर चालवायला शिकवतोय." मी म्हटलं, गाडी देत नाही, एक बोल्ट ढिला आहे, परत खोलावं लागेल. तो म्हणाला, "तिला इथे बोलवायचे बहाणे पुरे!" मी गाडीसमोर आडवा पडलो. त्याने टॉमी, ती चाक काढायची लोखंडी सळी, उचलली. एक खांद्यावर, एक बरगडीवर, एक तोंडावर. मी बंपर सोडला नाही, तेव्हा बोटांवर घातली. आयुष्यात पहिल्यांदा मार खाताना मी हात उगारला नाही. गाडी गेली. फोनचा त्याने चुरा केला, आणि तुझा नंबर तर त्यानेच कधीचा बंद केलाय.

म्हणून हे पत्र, मामीच्या हाती. तिला सगळं सांगितलंय. तू वाचेपर्यंत ती तुमच्या उंबऱ्यावरून हलणार नाही. त्या गाडीत बसू नकोस. दादालाही बसू देऊ नकोस; तो तुझा भाऊ आहे, हे त्या ठिपक्याच्या वेळी मी विसरलो होतो. किल्ली विहिरीत फेक. माझ्यावर थुंक, पण फेक. मग त्याला हे पत्र दाखव. तो मारायला येईल, येऊ दे. मी शटर उघडं ठेवून बसलोय. फक्त येताना गाडी दोरीने ओढत आण म्हणावं.

तुझाच,
काडेपेटी