अंक एकोणिसावा

२ फेब्रुवारी १९२०, सोमवार

पुन्हा फसलो! व्ही. पी. सोडवून घेतली, पोस्टमन वळणावर दिसेनासा व्हायच्या आत दोरा तोडला — आत बियाण्यांची यादी. तीही गेल्या वर्षीची. मुळा, नवलकोल, वांगी. पाठवणारा कुणी 'ग्रंथप्रेमी, सोलापूर'. पत्रात त्याने लिहिलं होतं, 'चित्रटवाळी, अंक १९, पाने पूर्ण, मुखपृष्ठ शाबूत.' व्ही. पी.चा नियमच असा की आधी पैसे मोजायचे, मग पुडकं उघडायचं. मी वकील आहे. या नियमावर तासभर बोलू शकतो. पण पोस्टमन ऐकायला थांबत नाही.

भवानी म्हणाली, "परसात वांगी लावायची का मग?"

'चित्रटवाळी' पुण्याहून निघत असे. पाक्षिक. सगळा मजकूर चित्रांतून, खाली एखादी ओळ. दोन वर्षं चाललं, अठ्ठेचाळीस अंक निघाले, बंद पडलं. मी पंचविसाव्यापासून वर्गणीदार. आधीचे एकेक करून टपालाने जमवले — धुळे, बेळगाव, बडोदा, तंजावर. धुळ्याच्या गृहस्थाला एक दुबार प्रत विकली होती, ती त्याने परत पाठवली. 'अंकास चंदनाचा वास येतो, असा नको.' कसरीसाठी मी पानांत चंदनाच्या ढलप्या ठेवतो. म्हैसूरचा माणूस दुसरं काय ठेवणार?

आज हाती सत्तेचाळीस. एकोणिसावा नाही.

५ फेब्रुवारी

इंदूरहून पत्र. रघुनाथराव म्हणून कुणी. अक्षर सरळ, मजकूर चार ओळींचा.

'आपली जाहिरात पाहिली. अंक १९ माझ्याकडे आहे. विकावयाचा नाही. पाहावयास पाठवीन. एक महिन्यात अखंड परत यावा. एक तुकडाही मागे राहू नये. तसा शब्द द्यावा.'

पैसे नाहीत, अदलाबदल नाही. नुसता शब्द! बारा वर्षांत असा संग्राहक भेटला नाही. 'एक तुकडाही' — याला म्हणतात कागदाची कदर.

६ फेब्रुवारी

शब्द दिला. वकिलाच्या कागदावर, सहीनिशी.

पण अंक माझ्या नावाने मागवणं धोक्याचं. जप्त झालेला अंक आहे! नव्या पोस्टमास्तरची नजर मला पसंत नाही. माझं टपाल तो उलटसुलट करून पाहतो. म्हणून लिहिलं — अंक रंगराव शिंपी यांच्या पत्त्यावर पाठवावा, पुडक्यावर 'चोळीचे कागदी नमुने' असं लिहावं. रंगराव माझे कोट शिवतात, देवळात भजनाला बसतात. त्यांच्यावर संशय कोण घेणार? शिंप्याकडे नमुने येणारच. या युक्तीचा मला अभिमान वाटतो, हे इथे लिहून ठेवतो.

८ फेब्रुवारी, रविवार

चामराजपुरात सभा. विषय 'छापखाना आणि स्वातंत्र्य'. शेवटी एकोणिसाव्या अंकावर आलो. नेहमीचं: "एक चित्र! बोटभर लांबीच्या लेखणीने काढलेलं एक चित्र — आणि एवढ्या मोठ्या सरकारचे पाय लटपटले! साहेबाने आरशात स्वतःला पाहिलं आणि आरसा जप्त केला!" टाळ्या. अंबाजीराव अध्यक्ष होते, त्यांचे डोळे ओले. हे वाक्य मी आठ वर्षं बोलतो आहे. अजून जुनं होत नाही. गेल्या गणपतीत पुण्याच्या एका पत्राने ते छापलंही.

घरी आल्यावर भवानी: "अहो, कोर्टात न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष चालते का?"

"ही सभा आहे, कोर्ट नव्हे."

"बरं," म्हणाली आणि ताट वाढलं.

१४ फेब्रुवारी

काही नाही.

१९ फेब्रुवारी

इंदूरहून कार्ड: 'अंक दहा तारखेस रजिस्टर पोस्टाने रवाना. पोच आली नाही. कळवावे.'

कोर्ट सोडून तसाच रंगरावांकडे गेलो. दुकान अर्धं बंद. रंगराव लग्नाचे कपडे शिवायला इकडच्याच कोटे गावी गेले आहेत, दहा दिवस झाले. त्यांना बेत सांगायचा राहिलाच होता! आत त्यांची बायको कुसुमबाई मशीनवर.

"पुडकं आलं होतं का?"

"आलं की राव. मी अंगठा दिला."

"कुठे आहे?"

तिने भिंतीकडे बोट केलं. खिळ्याला सुतळी, सुतळीला कागद. पाठ. बाही. बाही. काखेचे तुकडे.

मी काय म्हणालो ते आठवत नाही. आवाज मोठा होता एवढं खरं, कारण समोरचा बत्ताशेवाला उठून आला. कुसुमबाई उभी राहिली.

"अय्यो! मला काय गोत्तु राव? पोस्टवाल्यानं वाचून सांगितलं, चोळीचे नमुने म्हणून. उघडलं तर नमुना एकबी इल्ला. नुसता छापील कागद. चांगला जाड. मला वाटलं, ह्यांनीच मागवला नमुने कापायला. कापला."

शिंप्याच्या घरात जुना छापील कागद कशासाठी येतो? कापण्यासाठी. आणि पुडक्यावर लिहिलं होतं ते माझ्या सांगण्यावरून.

तुकडे मोजून घेतले, रुमालात बांधून आणले. नेताना ती म्हणाली, "तीन चोळ्या झाल्या त्याच्यावर. अंगाला बरोबर बसल्या."

२० फेब्रुवारी

जेवणाच्या पाटावर मांडलं. खळ शिजवली. सोळा पानांपैकी पाच शाबूत. बाकीच्यांचे एकूण पंचवीस तुकडे.

२२ फेब्रुवारी, रविवार

मधलं जोडपान जवळजवळ जमलं. ते चित्र हेच! दोन्ही पानं भरून.

शाळेचा वर्ग. बाकांवर बायका बसल्या आहेत, पाटी घेऊन. मागे त्यांचे नवरे पाळणे हलवताहेत, एकाच्या हातात लाटणं. आणि मध्ये, सगळ्यांच्या दुप्पट उंच — लुगडं नेसलेली एक आकृती. काखेत छत्री, हातात वेताची छडी, पायांत बूट. खाली ओळ: 'नव्या बाईंची नवी शाळा.'

डोकं नाही. मान संपते तिथे गोल भोक. चोळीचा गळा बरोबर तिथे आला.

तासभर पाहत होतो. मग लख्ख उलगडलं. बूट! लुगड्याखाली बूट कोण घालतं? साहेब! लुगडं नेसलेला साहेब — मास्तरणीचं सोंग घेतलेली परकी राजवट, छडी घेऊन आपल्याला धडे देते आहे, आणि इकडे आपल्या पुरुषांचं पाळणे हलवणारं बाहुलं झालं आहे! काय चित्र! जप्त होईल नाही तर काय!

भवानीला बोलावलं. तिने पदर आवरून वाकून पाहिलं.

"मास्तरीण आहे ही कुणीतरी."

"अगं, बूट बघ."

"चिखल असेल."

"आणि हे नवरे?"

"तिची चेष्टा केलीय," म्हणाली. "तुम्हाला दिसत नाही का?"

तिला रूपक कळत नाही. शिकवायला हवं होतं, राहून गेलं.

२३ फेब्रुवारी

कुसुमबाईकडे पुन्हा. विचारलं, "गळ्यातून निघालेला गोल तुकडा कुठे? त्यावर साहेबाचं तोंड असेल. मिशा असतील."

"साहेबाचं तोंड? इल्ला राव. असलं काय आलं नाही."

चिंध्यांचं बोचकं उपसून पाहिलं. नाही.

२४ फेब्रुवारी

रघुनाथरावांना सगळं खरं लिहिलं. युक्ती माझी, चूक माझी, शिंपिणीची नाही. पंचवीस तुकडे जोडले आहेत, सव्वीसावा — साहेबाचा चेहरा — हरवला आहे. भरपाई म्हणून माझे सत्तेचाळीस अंक देऊ केले. शब्द मोडला, याहून अधिक लिहिता आलं नाही. त्या चित्राबद्दल मला काय वाटतं ते मात्र दोन पानं लिहिलं.

अठ्ठावीस मार्चच्या सभेसाठी नवं भाषण लिहायला घेतलं. 'लुगडं नेसलेला साहेब.' आजवरचं सर्वांत चांगलं होणार.

१ मार्च

महिन्याची मुदत जवळ आली. उत्तर नाही.

९ मार्च

भाषण पाठ झालं. भवानीने स्वयंपाकघरातून ऐकलं. भांडी जोरात घासली.

१५ मार्च

इंदूरचं पत्र आलं. सगळं उतरवून घेतो.

'आपले पत्र पोचले. अंक कापला गेला याचा खेद करू नये. सरकारने तो कधीच जप्त केला नव्हता. संपादकांनी स्वतःच, लाज वाटून, पुढे विक्री थांबविली. चित्रातील बाई माझी बहीण. मुलींच्या शाळेत शिकवीत असे. पावसात बूट घालीत असे, कारण शाळेची वाट चिखलाची होती. ओळखू यावी म्हणून चित्रकाराने चेहरा जसाच्या तसा काढला, बाकी सर्व मनाचे. अंक निघाल्यावर लोक ते पान शाळेच्या दाराला डकवीत. आठ दिवसांनी तिने शाळा सोडली. दुसऱ्या वर्षी वारली. मी मिळेल तेथून एकोणिसावा अंक विकत घेऊन जाळीत आलो आहे. एकशे बारा जाळले. म्हणूनच तो आपणांस कोठे मिळाला नाही. ही प्रत शेवटची असावी. पुण्याच्या पत्रात आपले भाषण वाचले, तेव्हा वाटले की ज्याची इतकी स्तुती करता ते आपण एकदा पाहावे. आपले अंक मला नकोत. तुकडे तेवढे पाठवावेत.'

पत्र भवानीला वाचून दाखवलं. ती ऐकून उठली आणि तुळशीपाशी जाऊन उभी राहिली.

मग मी आठवत बसलो: जप्त झाला, हे मला कुणी सांगितलं? चार गावांहून पत्रं आली होती, 'हा अंक कोठेच मिळत नाही.' त्याखेरीज काही नाही. मिळत नाही म्हणजे जप्त — हे मीच ठरवलं. मीच बोललो. टाळ्या पडल्या. मग ते खरं झालं.

१६ मार्च

रंगराव कोट्याहून परतले म्हणून भेटायला गेलो. ते मशीनला तेल घालत होते. "माझ्या मागं मोठं रामायण झालं म्हणे, राव," म्हणाले. मी आत पाहिलं. मशीनच्या वर भिंतीला हातभर आरसा. आरशाच्या कडेला खळीने डकवलेला एक गोल कागद.

चष्मा. मधोमध भांग. कपाळ थोडं मोठं. पंचविशीची बाई, समोर पाहणारी. मिशा नाहीत.

दोनदा या आरशासमोर मी उभा राहिलो होतो, एकदा तर ओरडत.

"कुसुमबाई, हा तुकडा... मी विचारलं होतं ना?"

"तुम्ही साहेबाचं तोंड विचारलं राव. बाईचं कुठं विचारलं?"

"इथे का लावला?"

ती जरा लाजली. "चष्मा घातलेली बाई मी कधी बघितली नव्हती. शिकलेली दिसते. डोळे चांगले आहेत. मशीनवर बसलं की समोर दिसते, बरं वाटतं." मग रंगरावांकडे पाहून, "पाहिजे असेल तर काढून देते. पाण्यानं निघेल."

तिने पाण्याचा तांब्या आणलाही. मी म्हणालो, आज नको.

१७ मार्च

जोडलेले तुकडे पुन्हा मोजले, रजिस्टरने इंदूरला पाठवले. पुडक्यावर माझं नाव, माझा पत्ता. सोबत पत्र: सव्वीसावा सापडला आहे. कुठे आहे, कुणी लावला, ती काय म्हणाली, तिच्याच शब्दांत. 'एक तुकडाही मागे राहू नये असा शब्द मी दिला आहे. आपण लिहाल तसे करीन.'

त्या बाईंचं नाव मला ठाऊक नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

२० मार्च

'लुगडं नेसलेला साहेब' चुलीत घातलं. भवानीने त्यावर दूध तापवलं.

२८ मार्च, रविवार

सभा. गर्दी भरपूर. अंबाजीरावांनी ओळख करून देताना 'आरसा जप्त केला' हे माझंच वाक्य म्हणून दाखवलं. लोक हसले, सरसावून बसले.

उभा राहिलो. सांगितलं: तो अंक कुणी जप्त केला नव्हता. त्यात साहेब नव्हता. शाळेत शिकवणारी एक बाई होती, तिची टर उडवली होती, आणि मी आठ वर्षं त्या टवाळीला शौर्य म्हणत आलो. न पाहता. खाली बसलो.

कुणी टाळी वाजवली नाही. मागून एकजण म्हणाला, "आज वकीलसाहेबांची तब्येत बरी नाही वाटतं." बायकांच्या बाजूला भवानी बसली होती. तिने मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

२ एप्रिल

इंदूरहून कार्ड.

'तो तुकडा तेथेच असू द्यावा. तिचे नाव शकुंतला. त्या बाईंना सांगावे.'

सांगून आलो.