चाकाची जाळी कोणाची

लिहून ठेवणार शांतलिंग बसप्पा कलशेट्टी, वय वर्षे चौपन्न, धंदा मोटारसायकल व इंजिन दुरुस्ती, राहणार नळदुर्ग, तालुका तुळजापूर, जिल्हा उस्मानाबाद. हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, पूर्ण शुद्धीत आणि आज सकाळी दोन गाड्यांचे प्लग साफ करून झाल्यावर लिहून ठेवतो. सोलापूरच्या डॉक्टरांनी माझे हृदय तपासून जड काम बंद करायला सांगितले आहे. डोके त्यांनी तपासले नाही, पण ते ठीक आहे. माझी शाळा निजामाच्या काळात उर्दूत झाली, म्हणून अक्षर वसंतराव गुरुजींचे आहे. मजकूर माझा. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि पुन्हा करण्याचा विचार नाही.

कलम १. पेठेतले दोन खोल्यांचे घर, मागची पडवी आणि पोस्टातले पुस्तक माझी पत्नी सौ. महानंदा हिला, कायम मालकीने. आम्हाला मूलबाळ नाही. घरात उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा आहे. नळदुर्गात असा ओटा पहिल्यांदा आमच्याकडे झाला आणि लोक त्याला फॅशन समजले. फॅशन नव्हती. कारण कलम ४ मध्ये आहे.

कलम २. माझी बी.एस.ए. मोटारसायकल महानंदाला. तिने ती चालवावी, विकावी की भंगारात घालावी, हे कोणी तिला विचारू नये.

ही गाडी लष्कराने मोडीत काढलेली. सन १९५१ मध्ये खडकीच्या लिलावात घेतली आणि दोन दिवसांत चालवत नळदुर्गला आणली. तेव्हा सोलापूर ते उमरगा या पट्ट्यात मोजून पाच-सहा मोटारसायकली होत्या. दोन समोरासमोर आल्या की ओळख असो नसो, दोघे कडुलिंबाच्या सावलीला थांबत, एकमेकांच्या गाडीभोवती एक चक्कर मारत, विडी ओढत आणि निघत. पेट्रोल डब्यातून न्यायचे. थंडीत कोटाच्या आत वर्तमानपत्र घालायचे, वारा छातीला लागत नाही. धुळीने सगळे तोंड पांढरे व्हायचे आणि गॉगल काढला की डोळ्यांभोवती तेवढे काळे राहायचे. मुरूमच्या बाजारात पोरे माझ्याकडे बघून पळायची. ते दिवस मला फार आवडले, हे या ठिकाणी नमूद करतो.

गाडीबरोबर चामडी कोट, हातमोजे आणि लष्करी हेल्मेट मिळाले होते. कोट मी वैशाखातही घालत असे, कारण तो रुबाबदार दिसे. हेल्मेटाचे तसे नव्हते. पहिल्याच दिवशी माझ्या थोरल्या भावजय कस्तुराबाई दारातून ओरडल्या, "भावजी, डोक्यावर बगुणं घालून कुठं निघालात?" सगळी पेठ हसली. तेव्हापासून मी हेल्मेट बोरी नदीचा पूल ओलांडल्यावर घालत असे आणि परतताना पुलाच्या पलीकडेच काढत असे. जिथे बघायला कोणी नाही, तिथेच मी डोके सांभाळले.

कलम ३. दुकानातली सगळी हत्यारे, म्हणजे पाने, पकडी, हवेचा पंप आणि वेल्डिंगचा संच, माझा पुतण्या उत्तरेश्वर याला. कस्तुराबाईंचा हा मुलगा सात वर्षे माझ्या हाताखाली आहे. हात चांगला आहे, पण विंचरलेले केस मोडतात म्हणून हेल्मेट घालत नाही. मी त्याला मृत्युपत्रात तशी अट घालणार होतो. पण अट घातली तर तो पूल ओलांडून घालील, हे मला स्वतःवरून ठाऊक आहे. म्हणून अट नाही. लोक हसतात ते आठवडाभर, एवढेच त्याला सांगतो.

कलम ४. आता चाकाची जाळी. मागच्या चाकाला डाव्या बाजूने लोखंडी जाळी लावली की बसलेल्या बाईचा पदर आऱ्यांत जात नाही. माझ्या दुकानातून अशा दीडशेच्या वर जाळ्या गेल्या. लोहाऱ्याला, मुरूमला, थेट हुमनाबादपर्यंत लोक तिला 'शांतलिंगची जाळी' म्हणतात. ती शांतलिंगची नाही.

महानंदा पूर्वी नऊवारी इरकल नेसून, कासोटा घालून, घोड्यावर बसावे तशी दोन्हीकडे पाय टाकून मागे बसे. तिला काही होत नसे. पण सोलापुरात साहेबांच्या बायका सहावारीत एका बाजूला बसलेल्या मी पाहिल्या आणि हट्टाने तिला सहावारी नेसायला लावली. दुसऱ्याच महिन्यात पदर आऱ्यांत गेला. नशिबाने फाटला, म्हणून ती वाचली. दुसऱ्या दिवशी तिने दुकानाच्या फरशीवर खडूने चाक काढले, त्यावर आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि म्हणाली, "खिडकीला जाळी असती, मग चाकाला का न्हाय?" मी फक्त सळई वाकवली.

सन १९५७ च्या भाद्रपदात किल्ल्यातल्या पाणीमहालाजवळ बाबूराव नावाच्या फोटोग्राफरने माझा गाडीवरचा फोटो काढला. तो म्हणाला, "शेठ, त्या जाळीनं गाडी कोंबड्यांच्या खुराड्यावानी दिसाय लागली." मी लगेच चार बोल्ट काढले आणि जाळी महानंदाच्या हातात दिली. फोटोत मी एकटा आहे. ती कॅमेऱ्याच्या मागे जाळी धरून उभी होती.

तिथून तीन मैलांवर अणदूरला तिच्या बहिणीकडे जेवायला जायचे होते. ती म्हणाली, "आधी जाळी बसवा." मी म्हणालो, "हात काळे होतील. तीन मैलांत काय होतंय?" ती जाळी मांडीवर घेऊन मागे बसली. जाळी तिच्या मांडीवर असतानाच तिचा पदर चाकात गेला. सोलापूरकडे गूळ घेऊन निघालेल्या लिंबाजी ड्रायव्हरने तिला ढेपांवर घोंगडी टाकून दवाखान्यात पोचवले. उजवा गुडघा तेव्हापासून वाकत नाही. तिला खाली बसता येत नाही, म्हणून घरात ओटा आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, कसे झाले? मी म्हणालो, "पदर सांभाळला नाही तिनं." ती शुद्धीवर होती. तिने माझ्याकडे बघितले आणि तोंड भिंतीकडे केले. गावात मी हेच सांगितले. पुढे गिऱ्हाईक आले की हेच सांगून मी जाळी विकली. "माझ्या बायकोनं पदर सांभाळला न्हाय, बघा काय झालं." नऊ वर्षे पेठेतल्या बायका तिला वेंधळी म्हणतात. कस्तुराबाई लग्नकार्यात तिच्या हाती तुपाचे भांडे देत नाहीत. तिने एकदाही तोंड उघडले नाही.

गुरुजींनी इथे लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले, "शांतलिंग, हे मालमत्तेत बसत नाही." मी म्हणालो, "बसतं. तिचं तिला परत करायचं राहिलंय." तरी लिहावे, जाळीची कल्पना महानंदाची आणि अपघाताचा दोष माझा. दुकानाच्या पाटीवर 'महानंदा जाळी' असे रंगवावे.

कलम ५. मागच्या कलमाचा कच्चा मजकूर मी परवा घरी गुरुजींकडून महानंदाला वाचून दाखवला. ती ओट्याशी भाकरी थापत होती. शेवटपर्यंत तिचा हात थांबला नाही. मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "हे कवा वाचणार लोकं?"

मी म्हणालो, "माझ्या मागं."

"तुमी सुटलासा मग. तोवर मी वेंधळीच व्हय?"

म्हणून या मृत्युपत्रातले कलम ४ माझ्या मरणाची वाट पाहणार नाही, असे ठरवले. आज बाजारच्या दिवशी दुकानासमोर खुर्ची टाकून महानंदाला बसवले आणि गुरुजींनी ते मोठ्याने वाचले. मी उभा होतो. पंचवीस-तीस माणसे जमली. मागे कोणीतरी हसले, पण त्याला दुसऱ्याची साथ मिळाली नाही. उत्तरेश्वरने मान खाली घातली.

कस्तुराबाई पुढे आल्या. "भावजी, मी ह्या पोरीला लई बोलले. तुमच्या समोर बोलले. का बोलू दिलंत मला?" मी म्हणालो, "मला बरं पडत होतं, वहिनी." त्या महानंदाजवळ गेल्या आणि तिच्या खुर्चीला धरून उभ्या राहिल्या.

कलम ६. माझे दफन घराण्याच्या लिंगायत रीतीने व्हावे. चामडी कोट बरोबर पुरू नये, थंडीत कोणालातरी उपयोगी पडेल.

कलम ७. शेवटी मी गुरुजींना लिहायला सांगितले की, महानंदाने मला माफ केले आहे. गुरुजी रीतीचे माणूस, त्यांनी तिला विचारले.

ती म्हणाली, "ते लिवू नका. मी अजून ठरवलं न्हाय."

म्हणून तसे लिहिलेले नाही. मी त्या जागी दोन ओळी कोऱ्या सोडायला सांगितल्या, म्हणजे माझ्यामागे तिने ठरवले तर तिथे लिहिता येईल. गुरुजी म्हणाले की मृत्युपत्रात कोरी जागा ठेवता येत नाही, आणि त्यांनी तिथे आडवी रेघ मारली. तेव्हा तिचे जे काही ठरेल ते मला जिवंतपणीच ऐकावे लागेल. डॉक्टरांचे औषध आजपासून वेळेवर घेईन.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. खालील दोघांसमक्ष सही करतो. महानंदा व उत्तरेश्वर यांना मालमत्ता मिळत असल्याने त्यांची साक्ष घेतलेली नाही.

ठिकाण: नळदुर्ग, दुकानासमोर
दिनांक: ४ डिसेंबर १९६६

सही: शांतलिंग बसप्पा कलशेट्टी (उर्दूत)

साक्षीदार:
१. लिंबाजी गोविंद माने, ट्रक ड्रायव्हर, सही
२. कस्तुराबाई शिवलिंग कलशेट्टी, निशाणी अंगठा. कलम ४ दोनदा वाचून घेतल्यानंतर दिली.

हस्ताक्षर: वसंतराव देशपांडे, प्राथमिक शिक्षक