ताफ्यांना दिलेली नावं

सोमवार, ३
आले एकदाची! नवी नोकरी, स्वतःचं टेबल, खिडकीतून समोरच्या गॅरेजचं छप्पर. अंतराळयुद्धाचा खेळ बनतोय. त्यातल्या जहाजांच्या ताफ्यांना हुकूम कसे द्यायचे, ते पोचायला किती वेळ लागावा, सगळं मी ठरवायचं. राहतेय दादाकडे. तो म्हणाला, लहानपणापासून घरात तेच करत आलीस, शिकायला काही उरलंच नाही.

गुरुवार, ६
चार हुकूम झाले: जा, पहारा दे, गस्त घाल, हल्ला कर. पाचवा होता, हुकूम मागे घेण्याचा. साहेबांनी तो एका फटक्यात खोडला. म्हणे, सेनापतीनं शब्द फिरवायचा नाही. आधीचा हुकूम मोडेल तो फक्त हल्ल्याच्या हुकमानं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. तीन दिवस घासून केलं होतं! पण नवी पडले, मान डोलावली. त्या मानेचाही राग येतोय.

सोमवार, १०
चाचणीसाठी ताफ्यांना नावं हवी होती. इथे सगळे जवळच्या माणसांचीच टाकतात. मी टाकली: 'चष्मा' (शेजारी बसतो, खेळातल्या चुका शोधतो), 'दादा' आणि 'मी'. साहेबांचं टाकायची हिंमत झाली नाही. चष्म्याला एका चंद्रावर पहारा दिला, दादाला दोन ग्रहांमध्ये गस्त. झकास चाललं.

मंगळवार, ११
चष्मा सकाळपासून जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा. म्हणतो, पहारा आहे. जेवायलाही हलला नाही. साहेब म्हणाले, कामचुकारपणाची नवी तऱ्हा.
घरी आले तर दादा दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत चालतोय. थट्टा वाटली. हात धरला, तर मलाच फरफटत घेऊन गेला.

बुधवार, १२
दादाच्या टाचा फुटल्यात, फरशीभर रक्त. म्हणतो, थांबव गं, मला थांबता येत नाही. डॉक्टरांनी झोपेचं इंजेक्शन दिलं. झोपेतही चालतोय. ताफाच पुसून टाकला असता, पण त्याबरोबर दादाही गेला तर? हुकूम मागे घ्यायची सोय हवी, बस्स! साहेबांच्या पाया पडले. म्हणाले, शुक्रवारी पाहुण्यांना हेच ताफे दाखवायचेत, तोवर कशालाही हात लावायचा नाही. माझा संगणकच बंद करून टाकला. नालायक माणूस!

गुरुवार, १३
चष्म्याची बायको त्याला पायरीवर पाणी पाजत होती. साहेब वळसा घालून वर गेले. वळसा घालून! लाज कशी वाटत नाही या माणसाला.

शुक्रवार, १४
अकरा वाजले. घरीच थांबलेय, दादाजवळ. खेळ घरच्या संगणकावर दिसतोय, पण इथून फक्त बघता येतं. साहेबांनी 'मी'ला हुकूम सोडला — पहारा.

उठता येत नाही. हात चालतात, पाय नाहीत —

साहेबांना फोन केला. मी ओरडले, नावं बदला, आधी नावं बदला! ते म्हणाले, पाहुण्यांसमोर तमाशा नको. ठेवला.

'दादा' — हल्ला. कोणावर, तर 'मी'वर. पाहुण्यांना लढाई बघायचीय. हुकूम पोचायला सहा मिनिटं — ती सहा मिनिटं मीच ठरवलेली —

दादा थांबला. चार दिवसांत पहिल्यांदा.
मेल्या साहेबा, हुकूम मागे घ्यायची एक ओळ, फक्त एक ओळ लिहू दिली असतीस तर —

इकडे वळलाय. रडतोय. म्हणतोय, पळ गं, पळ ना. दादा, मला पळता —