लाल गाडीचे पाटे

२ मार्च, रविवार
गाडी आली! १९७१ची, इंग्लंडची, लाल, दोनच सीटा, वर कापडी छप्पर. सांगलीतलं अख्खं विश्रामबाग गेटाशी जमलं. संयोगितानं गाडीला ओवाळलं, नारळ फोडला आणि बॉनेटवर हळदकुंकू लावलं. पेंट खराब होईल असं म्हणणार होतो. पण म्हटलं नाही.

संध्याकाळी दोघं गणपतीला जाऊन आलो. तिला मणक्याचा जुना त्रास. प्रत्येक स्पीडब्रेकर तिनं मनावर घेतला. घरी आल्यावर अट घातली: बारा मेला लग्नाला पंचवीस वर्षं होतात, त्या दिवशी साताऱ्याला माहेरी याच गाडीतून जायचं. पाठ शाबूत राहिली तर गाडी राहील, नाहीतर त्याच आठवड्यात विकायची. मी जागच्या जागी मान्य केलं. कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाला ही स्प्रिंगची भीती घालते!

खरं तर ती शेजारी बसावी म्हणूनच दोन सीटांची घेतली. हे तिला सांगायचं राहून गेलं.

५ मार्च
परदेशी फोरम वाचले. निम्मे म्हणतात सस्पेन्शन मऊ हवं, निम्मे म्हणतात कडक हवं, आणि उरलेला वेळ एकमेकांची अक्कल काढतात. मी शास्त्रीय विचार केला. पाठ कशानं दुखते? हलण्यानं. कडक गाडी हलत नाही. म्हणजे जितकी कडक तितकी आरामशीर. इतकं सोपं उत्तर एवढ्या लोकांना सापडू नये, नवल आहे.

९ मार्च
कुपवाडला तानाजीच्या वर्कशॉपमध्ये. तो उसाच्या ट्रेलरचे पाटे बनवतो. माझ्या गाडीलाही मागं तसेच पट्ट्यांचे स्प्रिंग आहेत, एकावर एक चार. तानाजीनं विचारलं, "सायब, लोड किती टनाचा?" मी म्हटलं, लोड म्हणजे फक्त आमची मिसेस. तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "वैनींचं वजन इचारणं बरं न्हवं. आपण जास्तच धरून चालू." चाराचे सात पाटे केले. पुढचे स्प्रिंगही जाड बसवले. वर छाती ठोकून म्हणाला, "आता दोन टन ऊस टाका, गाडी वाकली तर नाव बदलीन."
माणूस भेटावा तर असा.

१० मार्च
एकट्यानं टेस्ट. उत्कृष्ट. रस्त्याशी थेट संवाद होतो. चष्मा दोनदा मांडीवर पडला, पण तो मुळातच सैल आहे.

१६ मार्च, रविवार
संयोगिताला घेऊन मिरजेला. जाताना ती दार घट्ट धरून बसली होती. मला वाटलं वेगाचा आनंद घेतेय. मिरजेत उतरली ती सरळ उभीच राहीना. चिडली की ती पुरती साताऱ्याची होते. म्हणाली, "आवं, ही गाडी हाय का मळणी मशीन? दाणं वायलं निघालं माझं!"
परतीला रिक्षानं गेली. रिक्षानं! रिक्षाला कसलं आलंय सस्पेन्शन? मी मागून येत होतो. सिग्नलला पाहिलं तर ती रिक्षात रेलून, डोळे मिटून बसलेली. वाईट वाटलं.
कारण सापडलं. टायरमध्ये हवा जास्त होती.

१८ मार्च
हवा कमी केली. फरक नाही. म्हणजे सीटचा दोष. उद्या फोम.

१९ मार्च
सहा इंची फोम टाकला. संयोगिता बसून बघायला तयार झाली, ही प्रगती. फक्त छप्पर काढल्यावर तिचं डोकं समोरच्या काचेच्या वर गेलं. शंभर फुटी रस्त्यावर समोरून वारं आणि एक किडा तोंडात. फोम काढला.

३० मार्च, पाडवा
नवं वर्ष, नवा विचार. गाडीला साखरेची माळ घातली आणि संकल्प केला: मऊ. एकदम मऊ. मी मुळात कधी कडकच्या बाजूनं नव्हतोच, तो फक्त एक प्रयोग होता. दुपारी तानाजीकडे. सातातले चार पाटे काढायला सांगितले. त्याच्या मनाला फार लागलं. म्हणाला, "तीन पाट्यावर तर आमी बैलगाडी बी देत न्हाई." शॉकअपही बदलून घेतले, मऊ.

६ एप्रिल
नुसता पाळणा! खड्डा आला की गाडी सावकाश खाली जाते, सावकाश वर येते, मग पुन्हा खाली जाते आणि तेवढ्यात पुढचा खड्डा येतो. अंकलीच्या बाजूला गेलो होतो. गावकऱ्यांनी आपल्या हातानं घातलेल्या एका स्पीडब्रेकरवर गाडी पोटावर बसली. सायलेन्सरचा आवाज आता जास्त स्पोर्टी येतोय.
संयोगितानं स्वतः कबूल केलं की पाठ दुखली नाही. विजय!
मात्र तिला वाटेत दोनदा उतरून उलटी झाली. अटीत पोटाचा उल्लेख नाही. तसं तिच्या निदर्शनास आणून दिलं.

७ एप्रिल
अटीत आता पोटाचा उल्लेख आहे.

२० एप्रिल
मध्यम मार्ग. पाच पाटे. मी पहिल्या दिवसापासून पाचच म्हणत होतो असं मला आठवतंय. तानाजी म्हणाला, "सायब, ह्या एका गाडीमागं माझं चार ट्रेलर थांबल्यात." त्याला सांगितलं, संशोधनाला वेळ लागतो.
टेस्ट एकट्यानंच घेतली. छान वाटली. पण मला सगळ्याच वेळी छान वाटली होती. हे वाक्य उगाच लिहिलं.

११ मे
उद्या. गाडी पुसून ठेवली. संयोगितानं माहेरी फोन करून कळवलं. मग कपाटातून कमरेचा पट्टा काढून साडीबरोबर ठेवला. माझ्यासमोर, शांतपणे. हा अविश्वास आहे. उद्या तो पट्टा तीच काढून मागं टाकेल.

१२ मे, रात्री, साताऱ्यात
पहाटेच निघालो.  हायवेला लागल्यावर छप्पर खाली केलं, आणि ती चक्क हसली. पदर वाऱ्यावर, डोळ्यांवर माझा गॉगल. पिशवीतून शेंगा काढल्या, सोलून दाणे माझ्या तोंडात घातले. म्हणाली, "लग्नात तुम्ही जीपमधून आला होता, तवाबी असंच वारं होतं." अशीच गाडी चालत राहावी असं वाटलं. त्या क्षणी तिला सांगायला हवं होतं, दोन सीटांचं. पण समोर डायव्हर्जन आलं.

डायव्हर्जन लांब होतं. पाच पाट्यांनी आपली कामगिरी चोख बजावली. रस्त्यानं बजावली नाही. उंब्रजला गाडी थांबवली. ती उतरून बॉनेटला धरून उभी राहिली. डोळ्यांत पाणी. रागावलीसुद्धा नाही. नेहमीसारखी मळणी मशीन म्हणाली असती तर बरं झालं असतं. पुढं साताऱ्यापर्यंत सायकलवाल्यांना वाट देत आलो.

सासूबाईंनी, म्हणजे रंगूबाईंनी, लेकीला आडवं पाडून तेल चोळलं आणि मला विचारलं, "जावईबापू, येवढी महागाची गाडी, आन् गादी न्हाई व्हय?" मी स्प्रिंग आणि ताण यांचं नातं समजावून सांगितलं. त्या "व्हय व्हय" म्हणाल्या आणि भाकरी थापायला गेल्या.
गाडीचा विषय संयोगितानं काढला नाही. सांगलीला गेल्यावर काढणार. म्हणजे गाडी गेलीच.

१३ मे, सांगली
सविस्तर लिहितो, कारण आज शास्त्राचा विजय झाला.

निघताना सासूबाईंनी ज्वारीचं पोतं बाहेर काढलं. भरलं पोतं. लेक माहेरून रिकाम्या हातानं जात नाही. मी म्हटलं, स्पोर्ट्स कार आहे, डिकीत स्टेपनीच जेमतेम मावते. मेव्हणा शंभूराज फौजेत होता, त्याला जागा नाही हे उत्तर चालत नाही. तो डिकी बघत होता तेवढ्यात संयोगिता म्हणाली, "माझ्या शीटवर ठिवा. मी यष्टीनं जाते. तिथं मागं टेकायला तरी मिळतंय."
मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो. पण तोवर शंभूराजनं पोतं खांद्यावरून सीटवर ठेवून त्याला बेल्टसुद्धा लावला होता. पायाशी आंब्याची पेटी, मागं घेवड्याचं बोचकं. संयोगिताला स्टँडवर सोडायला शंभूराजच मोटारसायकलवरून गेला. जाताना तिनं हात केला.

आणि गाडी काय चालली! त्या वजनानं पाटे बरोबर दबले. ना धक्का, ना डुलणं. कालच्याच डायव्हर्जनवरून लोण्यातून गेल्यासारखी गेली. पोतं जागचं हललं नाही. कासेगावजवळ मी मोठ्यानं म्हणालो, "बघ, म्हटलं नव्हतं?" आणि शेजारी पाहिलं. मग रेडिओ लावला.

वाटेत धाब्यावर निवांत जेवलो आणि तिथून तानाजीला फोन करून कळवलं की पाच पाटे परफेक्ट आहेत. तो खूश झाला. म्हणाला, "मी पयल्या दिशी इचारलं हुतं, लोड किती."

घरी आलो तर संयोगिता आधीच पोचली होती. एसटीत झोप लागली म्हणाली. मला चहा दिला. मी स्वतःहूनच म्हटलं, अट मोडली, गाडी विकतो. खरंच म्हटलं, मनापासून. ती खिडकीतून पोत्याकडे बघत होती. म्हणाली, "कशाला विकताय? राहू दे की. दरसाल ज्वारी आणायला लय बेस हाय. तुम्ही पोत्याला घेऊन येत जावा, मी यष्टीनं पुढं होत जाईन."

म्हणजे गाडी राहिली.
पोतं उतरवायला कोणी नव्हतं. बेल्ट मीच सोडला.